टार्गेट रायफलची अचूकता: यंत्राचा वाटा किती आणि तो नेमका कोठे असतो?

समकेंद्र (मूळ लेखन)

रायफलच्या अचूकतेचा विषय निघाला की बोलणे फार लवकर विकत घेण्याच्या वस्तूंवर येते. गोळ्या विखुरतात त्या कोणत्या कारणाने, आणि प्रत्येक कारणाचा वाटा किती मिलिमीटरचा, हा मूळ प्रश्न मात्र मागेच राहतो. या धाग्यात तोच पुढे ठेवावा अशी माझी इच्छा आहे. पवित्रा, श्वास आणि वारा यांचे महत्त्व मोठे आहे, पण ते बाजूला ठेवून रायफल आणि काडतूस या जोडीकडून जे घडते तेवढ्यापुरतेच येथे बोलू. उदाहरणासाठी मी ५० मीटरवरील .२२ लाँग रायफल घेतो, कारण तिथे काडतूस कारखान्यात भरलेलेच वापरावे लागते आणि यंत्राचे गुणदोष स्वच्छ दिसतात.

आधी मोजमाप ठरवू. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि त्यापुढील प्रत्येक वर्तुळ ८ मिमी बाहेर असते. गोळीचा व्यास ५.६ मिमी आहे आणि तिची कड वर्तुळाला टेकली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून मध्यापासून ८ मिमीच्या आत केंद्र पडलेली प्रत्येक गोळी दहाची असते. दशांश गुणांत ०.१ गुण म्हणजे ०.८ मिमी. कोणत्याही सुधारणेचा दावा या मापाला लावून पाहिला की त्याचे वजन कळते.

रायफल सातत्याने डावीकडे मारते हा अचूकतेचा दोष नव्हे. साइट (नेम धरण्याचे साधन) फिरवली की तो जातो. दर वेळी थोडे वेगळे काही घडते, तो खरा दोष. बॅरल किंचित वाकडे असले तरी ते प्रत्येक गोळीच्या वेळी तितकेच आणि तसेच वाकडे असेल, तर गुण जात नाहीत. म्हणून कोणताही भाग तपासताना ‘हा परिपूर्ण आहे का’ यापेक्षा ‘हा दर वेळी तसाच वागतो का’ हे विचारणे अधिक उपयोगी ठरते.

दुसरा मुद्दा बेरजेचा आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या कारणांमुळे होणारा विखुरलेपणा साध्या बेरजेने वाढत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते. समजा, काडतूस आणि बॅरल यांच्यामुळे १२ मिमीचा ग्रुप (लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका) पडतो आणि सैल साइटमुळे ४ मिमीचा. एकत्र ग्रुप १६ मिमीचा होत नाही, सुमारे १२.६ मिमीचा होतो. साइटचा दोष पूर्ण काढला तरी लाभ जेमतेम ०.६ मिलिमीटर. पण त्या बॅरलला मानवणारे काडतूस शोधून १२ चे ९ केले, तर साइट तशीच ठेवूनही एकूण ग्रुप १० मिमीच्या आत येतो. सर्वांत मोठे कारण आधी शोधावे, हा माझ्या मते या विषयातील एकमेव नियम आहे, आणि बहुतेक वेळा ते कारण बॅरल आणि काडतूस यांच्या जोडीतच सापडते.

ते का, हे एका हिशेबाने दाखवतो. .२२ बॅरलमध्ये रायफलिंगचा (बॅरलच्या आतील सर्पिल खाचांचा) पीळ बहुधा १६ इंचांत, म्हणजे सुमारे ४०६ मिमीत, एक फेरा असा असतो. मॅच दर्जाची गोळी सुमारे ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, म्हणजे बाहेर पडताना ती सेकंदाला जवळपास ८०० फेरे घेत असते. बॅरलमध्ये ती आपल्या भूमितीय अक्षाभोवती फिरायला बांधलेली असते; बाहेर पडताच मात्र स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते. हे दोन अक्ष ०.०१ मिमीने वेगळे असले, तर गोळीला बाजूला सुमारे ५० मिमी प्रति सेकंद वेग मिळतो आणि ५० मीटरवर पोहोचेपर्यंत ती सुमारे ८ मिमी सरकते. म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने दहाच्या वर्तुळाची सगळी मोकळीक संपते. म्हणूनच गोळी चेंबरमधून (काडतूस बसते त्या पोकळीतून) रायफलिंगमध्ये सरळ शिरणे, कोणतीही कड न दुखावता पुढे सरकणे आणि मुखाशी सर्व बाजूंनी एकाच क्षणी सुटणे या तीन गोष्टींना मी इतर सर्व गोष्टींच्या वर ठेवतो.

मॅच चेंबर घट्ट असते आणि काडतूस बसवताना गोळीच्या पुढच्या भागावर रायफलिंगचे वळ उमटतात, ते याच कारणासाठी. सुटण्याआधीच गोळी अक्षावर धरलेली असते. चेंबर बॅरलच्या अक्षाशी एककेंद्री नसेल तर पुढे कितीही सुबक काम केले तरी गोळी तिरकीच शिरते. नरम शिशाच्या गोळीसाठी बॅरल मुखाकडे अगदी किंचित निमुळते ठेवण्याची पद्धतही जुनी आणि योग्य आहे. उलट, मध्येच सैल जागा असेल तर गोळीची पकड सुटते. शिशाची एक तंतोतंत बसणारी गोळी सळईने हळूहळू ढकलत नेली, तर हाताला लागणारा विरोध कोठे वाढतो आणि कोठे नाहीसा होतो हे स्पष्ट जाणवते. बॅरल तपासण्याचा इतका स्वस्त आणि प्रामाणिक दुसरा मार्ग मला माहीत नाही.

लोहकाम

समकेंद्र, मांडणी पटली. मी यंत्रकामाच्या बाजूने भर घालतो, कारण ‘मुखाशी सर्व बाजूंनी एकाच क्षणी सुटणे’ हे तुम्ही एका वाक्यात सांगितले, पण त्यावर बरेच सांगण्यासारखे आहे.

गोळीचा तळ मुखातून सुटत असतो तेव्हा तिच्यामागे दाबाखालचा वायू असतो. क्राउनची, म्हणजे बॅरलच्या मुखाच्या टोकाची, कड एका बाजूला किंचित झिजलेली असेल, तर वायू आधी तिथून निसटतो आणि सुटणाऱ्या गोळीच्या तळाला एका बाजूने ढकलतो. गोळीच्या टोकापेक्षा तळाला झालेली इजा विखुरलेपणा कितीतरी अधिक वाढवते, हे फ्रँकलिन मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून दाखवले होते. टोक बोथट केलेल्या गोळ्या बऱ्यापैकी एकत्र पडत होत्या, तळ बिघडवलेल्या विखुरत होत्या. क्राउनचे सारे महत्त्व त्यातच आहे.

क्राउन तपासण्यासाठी गोळ्या झाडल्यावर मुखाच्या सपाटीवर उमटलेली काजळीची आणि वंगणाची नक्षी पाहावी. प्रत्येक खाचेसमोर सारख्या लांबीचा किरण दिसला तर वायू समान सुटतो आहे. एक किरण लांब आणि शेजारचा आखूड असेल, तर भिंगाखाली कड पाहण्याची वेळ आली आहे. ही कड बहुधा गोळ्यांनी झिजत नाही, साफसफाईच्या सळईने झिजते. म्हणून सळई नेहमी चेंबरच्या बाजूने, मार्गदर्शक नळी लावून घालावी, आणि ब्रश मुखाबाहेर काढल्यावर तो मागे ओढताना कडेवर घासू नये.

दुसरा विषय बेडिंगचा, ज्याला मूळ लेखनात जागा मिळालेली नाही. अ‍ॅक्शन (काडतूस धरणारा आणि झाडणारा यांत्रिक भाग) दस्त्यात कशी बसते याचा वाटा मी बॅरल आणि काडतुसाच्या लगेच खाली ठेवतो. स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन दस्त्याच्या उंचसखल पृष्ठाशी जुळवून घेण्यासाठी वाकत असेल, तर ती ताणाखाली राहते, आणि प्रत्येक गोळीच्या धक्क्यानंतर ती नेमकी त्याच जागी परत येईल याची खात्री नसते. लाकडी दस्ता ओलाव्याने फुगतो आणि आकसतो, म्हणून हा ताण ऋतूनुसार बदलतो. अ‍ॅक्शनखाली इपॉक्सी ओतून तिचा हुबेहूब साचा घेणे, स्क्रूभोवती धातूचे खांब बसवणे किंवा ॲल्युमिनियमचा दस्ता वापरणे, या साऱ्यांचा हेतू एकच: अ‍ॅक्शन न वाकता बसावी.

याची चाचणी घरच्या बाकावर होते. रायफल रिकामी आहे याची खात्री करावी, दस्त्याच्या पुढच्या टोकाला डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) बांधून त्याची सुई बॅरलवर टेकवावी आणि एक स्क्रू हळूहळू सैल करावा. सुई ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलली तर अ‍ॅक्शन ताणाखाली आहे असे मी मानतो. स्क्रू टॉर्क पान्यानेच, निर्मात्याने सांगितलेल्या मापावर आणि दर वेळी त्याच क्रमाने आवळावेत. हाताच्या अंदाजाने दोनदा सारखा टॉर्क लावणे अनुभवी माणसालाही जमत नाही.

दीर्घपल्ला

मी ३०० मीटरवर सेंटरफायर (तळाच्या मध्यावर प्रज्वलक असलेल्या) काडतुसाची रायफल वापरतो, म्हणून समकेंद्र यांच्या क्रमाला थोडी पुरवणी जोडतो. कोणते कारण मोठे हे अंतरावर आणि काडतुसावर बरेच अवलंबून असते, आणि वेगातील फरक हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

५० मीटर जायला .२२ च्या गोळीला सुमारे ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती बॅरलच्या रेषेखाली जवळपास १२५ मिमी पडते. पडण्याचे माप वेळेच्या वर्गाने वाढते, म्हणून वेग एक टक्क्याने कमी झाला तर गोळी सुमारे अडीच मिलिमीटर खाली लागते. एका पेटीतील दोन गोळ्यांत १० मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल, तर निव्वळ त्यामुळे त्या उभ्या दिशेत साडेसात मिलिमीटर वेगळ्या पडतील. आता ३०० मीटर पाहा. सहा मिलिमीटर व्यासाची, सुमारे ८६० मीटर प्रति सेकंदाने निघालेली गोळी तिथे पोहोचेपर्यंत साधारण ७० सेंटीमीटर पडते, त्यामुळे एक टक्का फरकाने १४ मिमी इकडेतिकडे होते. पण तिथे दहाचे वर्तुळ १०० मिमीचे आहे. वर्तुळाच्या तुलनेत पाहिले तर वेगाची शिस्त ३०० मीटरपेक्षा ५० मीटरच्या .२२ ला अधिक लागते. बहुतेक जण याच्या उलट समजतात.

माझ्या प्रकारात दुसरी एक गोष्ट पुढे येते: चेंबरपुढच्या गळ्याची झीज. उच्च दाबाचा तप्त वायू रायफलिंगची सुरुवात जाळत जातो आणि गोळीला खाचा गाठण्यासाठी अधिकाधिक मोकळी उडी घ्यावी लागते. काडतूस स्वतः भरणारा नेमबाज गोळी थोडी पुढे बसवून हे काही काळ भरून काढतो, पण काही हजार गोळ्यांनंतर बॅरल बदलावेच लागते. .२२ मध्ये दाब आणि उष्णता इतकी कमी असते की ही चिंता जवळजवळ नसते.

नवा नेमबाज

चर्चेतून खूप शिकायला मिळते आहे, सर्वांचे आभार. माझे दोन प्रश्न आहेत. माझ्याकडे .२२ रायफल आहे आणि मी तीन प्रकारची काडतुसे प्रत्येकी तीन गोळ्यांच्या ग्रुपने तपासली. एका प्रकाराचा ग्रुप इतर दोघांच्या निम्मा आला. तो प्रकार निश्चित करून पुढे जावे का? आणि जाड बॅरल घेतल्याने अचूकता वाढते असे सर्वत्र वाचायला मिळते. ते कोणत्या कारणाने?

समकेंद्र

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: तीन गोळ्यांवरून निश्चित करू नये. ग्रुपचे माप आपण सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर म्हणून घेतो, आणि ते गोळ्यांच्या संख्येबरोबर आपोआप वाढते. गोळ्यांचे विखुरणे सर्व दिशांना सारखे आणि नेहमीच्या घंटाकृती वितरणाप्रमाणे आहे असे धरले, तर एका दिशेतील प्रमाण विचलनाच्या पटीत तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरीने २.४ पट, पाच गोळ्यांचा ३.१ पट आणि दहा गोळ्यांचा ३.८ पट येतो. म्हणून तीनच्या ग्रुपची दहाच्या ग्रुपशी तुलनाच होऊ शकत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की तीन गोळ्यांचे माप त्याच रायफलने, त्याच पेटीतून सहज निम्मे किंवा दीडपट येते. तुम्हाला दिसलेला फरक खरा असू शकेल, पण तीन गोळ्या ते सांगू शकत नाहीत.

प्रत्येक प्रकाराचे दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप घ्यावेत, प्रकार आलटून पालटून झाडावेत आणि केवळ टोकाची दोन छिद्रे न मोजता प्रत्येक छिद्राचे ग्रुपच्या मध्यापासूनचे अंतर काढून त्यांची सरासरी घ्यावी. या मापात सर्व गोळ्यांची साक्ष येते, म्हणून ते लवकर स्थिर होते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर किंवा पकडसाच्यात असावी. आणि ‘प्रकार’ म्हणण्यापेक्षा ‘लॉट’, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेला साठा, म्हणा. एकाच नावाच्या काडतुसाच्या दोन लॉटमधील फरक पुष्कळदा दोन नावांमधील फरकापेक्षा मोठा असतो. स्पर्धक रायफल घेऊन काडतूस निर्मात्याच्या चाचणी केंद्रात जातात आणि तिला मानवणारा लॉट वर्षभरासाठी घेऊन ठेवतात, ते या कारणाने. एका रायफलचा उत्तम लॉट दुसऱ्या रायफलमध्ये सामान्य ठरतो, त्यामुळे मित्राच्या अनुभवावर लॉट निवडू नये.

लॉट बदलल्यानंतर लगेच निष्कर्ष काढू नये हेही सांगून ठेवतो. .२२ च्या गोळीवर बाहेरून मेणासारखे वंगण असते आणि त्याचा थर बॅरलमध्ये बसतो. नव्या वंगणाचा थर जुन्याची जागा घेईपर्यंतच्या गोळ्या चाचणीत धरू नयेत.

जाड बॅरलविषयी: टोकाला भार दिला असता बॅरल किती वाकते हे व्यासाच्या चौथ्या घाताने ठरते. १८ मिमीऐवजी २२ मिमी व्यास घेतला तर ताठपणा सव्वादोन पटींच्या आसपास जातो. गोळी जात असताना बॅरल कंप पावते, आणि ताठ बॅरलच्या मुखाची हालचाल कमी असते, म्हणून वेगात किंवा पकडीत थोडा फरक पडला तरी त्याचा परिणाम लहान राहतो. शिवाय वजनामुळे रायफल स्थिर राहते, पण तो लाभ नेमबाजाचा आहे, यंत्राचा नव्हे. इतके मान्य करूनही मी सांगेन की तिरके चेंबर किंवा बिघडलेले क्राउन जाडीने सुधारत नाही. चांगले बनवलेले मध्यम जाडीचे बॅरल निष्काळजीपणे बनवलेल्या जाड बॅरलला नेहमीच मागे टाकते.

दीर्घपल्ला

कंपनाचा उल्लेख आला म्हणून एक महत्त्वाची भर. कंपन नेहमी शत्रूच असते असे नाही. मंद गोळी बॅरलमध्ये अधिक वेळ राहते. ती सुटते त्या क्षणी मुख वरच्या दिशेने जात असेल, तर तिला किंचित वरचा कोन मिळतो आणि तिचे अधिक पडणे भरून निघते. ए. मॅलॉक यांनी रायफल बॅरलच्या कंपनांचा गणिती अभ्यास १९०१ मध्येच मांडला होता, आणि ली-एनफील्ड रायफल दूरच्या अंतरावर अपेक्षेपेक्षा चांगली का मारते याचे स्पष्टीकरण पुढे याच परिणामातून दिले गेले.

.२२ बॅरलच्या मुखावर वजन सरकवण्याचा ट्यूनर लावतात तो याचसाठी. वर दिलेल्या हिशेबातील साडेसात मिलिमीटर भरून काढायला ५० मीटरवर केवळ ०.१५ मिलिरेडियनचा कोन पुरतो, आणि तो मंद व जलद गोळीच्या सुटण्यामधील, मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असलेल्या फरकात मिळावा लागतो. ट्यूनरने मुखाच्या हालचालीची वेळ त्या क्षणाशी जुळवता येते. मात्र ही जुळणी एका अंतरापुरतीच असते. ५० मीटरला नेमकी बसलेली जुळणी १०० मीटरला अपुरी पडते, कारण तिथे पडण्यातील फरक कोनाच्या हिशेबानेही मोठा असतो.

लोहकाम

ट्यूनरविषयी माझे मत अधिक सावध आहे. तत्त्व बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण ट्यूनर केवळ वेगफरकामुळे होणारा उभा विखुरलेपणा कमी करू शकतो. अक्षाबाहेर गेलेल्या गुरुत्वमध्यामुळे गोळ्या सर्व दिशांना जातात, आणि तो भाग ट्यूनरच्या आवाक्याबाहेर आहे. ग्रुप गोलाकार असेल तर ट्यूनर फिरवण्यात वेळ घालवू नये. तो स्पष्टपणे उभा लांबट असेल तर अवश्य प्रयत्न करावा. त्यातही तीन-तीन गोळ्यांवर वजनाची जागा ठरवली, तर वर समकेंद्र यांनी दाखवलेला दोषच पुन्हा घडतो: योगायोगाने लहान आलेला ग्रुप ‘योग्य जागा’ म्हणून लिहून ठेवला जातो.

दीर्घपल्ला

ग्रुपचा आकार आधी पाहावा, हे मला पूर्ण मान्य आहे. एवढेच जोडतो की उभ्या ग्रुपची इतर कारणे, विशेषतः दस्त्याला टेकलेले बॅरल आणि अशक्त फायरिंग पिन, आधी वगळलेली असावीत. बॅरल आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी अ‍ॅक्शनपर्यंत विनाअडथळा सरकली पाहिजे.

हवाई दहा

या धाग्यात १० मीटर एअर रायफलचाही विचार व्हावा, कारण तिथे कारणांचा क्रम बराच वेगळा आहे. दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा, वर्तुळांमधील अंतर २.५ मिमी, म्हणून ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर.

संकुचित हवेच्या रायफलमध्ये नळकांड्यातील दाब भरताना सुमारे २०० बार असतो आणि प्रत्येक गोळीबरोबर उतरत जातो, तरी छऱ्याचा वेग १७० ते १७५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास स्थिर ठेवायचा असतो. ते काम रेग्युलेटर करतो. त्याच्या आतील सील झिजली की गोळ्यांच्या मधल्या वेळात दाब हळूहळू चढतो, आणि बराच वेळ थांबून झाडलेली गोळी इतरांपेक्षा जलद जाते. हा दोष ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) काही गोळ्या ठराविक लयीत झाडाव्यात, मग दहा मिनिटे थांबून पुढची झाडावी आणि तिचा वेग वेगळा आहे का ते पाहावे. १० मीटरवर वेगफरकाचा थेट परिणाम लहान असतो. त्या अंतरात छरा अवघे दोन सेंटीमीटरच्या आसपास पडतो, त्यामुळे एक टक्क्याने ०.४ मिमी फरक होतो. पण ०.४ मिमी म्हणजे दीड दशांश गुण, आणि अंतिम फेरीत तेवढ्यावर क्रम बदलतो.

छऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिमी असा डब्यावर छापलेला असतो. त्या एकशतांश मिलिमीटरने ग्रुप बदलतो, आणि कोणता व्यास योग्य हे केवळ चाचणीनेच कळते. छऱ्याची पाठीमागची झालर अत्यंत पातळ असते. डबा हातातून पडला तर तो स्पर्धेसाठी वापरू नये.

नवा नेमबाज

‘हवाई दहा’ यांच्या लेखनावरून पुढचा प्रश्न सुचला. एअर रायफलमध्ये छरा बॅरलमध्ये अधिक वेळ राहतो, म्हणून ट्रिगर आणि लॉक टाइम यांना तिथे फार महत्त्व दिले जाते. .२२ मध्ये जुनी अ‍ॅक्शन बदलून वेगवान अ‍ॅक्शन घेतल्याने खरोखर किती फरक पडतो?

लोहकाम

ट्रिगरची सीअर (फायरिंग पिन अडवून धरणारा खटका) सुटल्यापासून फायरिंग पिन काडतुसावर आदळेपर्यंतचा काळ म्हणजे लॉक टाइम. जुन्या लष्करी बोल्ट रायफलींत तो पाच मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक असे; आधुनिक टार्गेट अ‍ॅक्शनमध्ये तो दोन-तीन मिलिसेकंदांच्या आसपास आला आहे. समजा, नेम लक्ष्यावर सेकंदाला ५० मिमी वेगाने सरकतो आहे. तीन मिलिसेकंद वाचल्याने सरकणे ०.१५ मिमीने कमी होते, म्हणजे दशांश गुणाच्या पाचव्या भागाहूनही कमी. निव्वळ या हिशेबावर अ‍ॅक्शन बदलणे मला पटत नाही.

फरक पडतो तो दुसऱ्या मार्गाने. जड पिन आणि लांब धाव असली की तिच्या आदळण्याने रायफल हलते, आणि गोळी तेव्हा बॅरलमध्येच असते. हलकी पिन, जोरकस स्प्रिंग आणि आखूड धाव यांनी हा धक्का लहान होतो. लॉक टाइम कमी होतो तो याच बदलांमुळे, आणि श्रेय मात्र सगळे वेळेला मिळते. .२२ मध्ये आणखी एक कारण आहे. प्रज्वलक मिश्रण काडतुसाच्या कडेत असते, म्हणून पिन कडेवर कोठे आणि किती जोराने आदळते यावर पेट घेण्याची समानता अवलंबून असते. स्प्रिंग थकली किंवा बोल्टमध्ये घट्ट झालेले तेल साठले की आघात मंद व असमान होतो आणि वेगातील फरक वाढतो. कारण न कळता ग्रुप उभा लांबू लागला तर मी सर्वांत आधी बोल्ट उघडून स्वच्छ करतो आणि स्प्रिंग बदलतो. अल्प खर्चाची, पण वारंवार विसरली जाणारी दुरुस्ती आहे ही.

ट्रिगरबाबत वजनापेक्षा सातत्य पाहावे. सीअरची पकड दर वेळी त्याच खोलीवर बसली पाहिजे आणि सुटल्यानंतर ट्रिगर फार पुढे जाऊ नये. पकड अतिशय कमी करून मिळवलेला हलका ट्रिगर धोकादायक असतो. बोल्ट जोराने बंद केल्यावर किंवा दस्त्यावर थाप मारल्यावर तो सुटत नाही ना, ही तपासणी रिकाम्या रायफलवर प्रत्येक समायोजनानंतर करायलाच हवी.

समकेंद्र

लोहकाम यांचा लॉक टाइमचा हिशेब मोलाचा आहे. आता साइटविषयी, कारण तिचा वाटा लहान असतो असे मी उदाहरणात दाखवले असले तरी ती सैल झाली तर तो अमर्याद होतो. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ८०० मिमी अंतर धरले, तर एक साइट ०.१ मिमी सरकल्याने ५० मीटरवर सव्वासहा मिलिमीटर फरक पडतो. रेलवरील पकडस्क्रू प्रत्येक सत्रापूर्वी तपासावेत. डायॉप्टरच्या (छिद्रातून पाहायच्या मागच्या साइटच्या) स्क्रूमध्ये खेळ असतो, त्यामुळे दिशा बदलल्यावर पहिला क्लिक पुष्कळदा वाया जातो. म्हणून दोन क्लिक पलीकडे जाऊन परत यावे आणि अंतिम समायोजन नेहमी एकाच दिशेने करावे. साइट खरोखर क्लिकप्रमाणे हलते का हे पाहण्यासाठी रायफल पक्की धरून डायॉप्टरला डायल गेज लावावे आणि वीस क्लिक पुढे, वीस मागे मोजावेत. सुई मूळ आकड्यावर परत आली पाहिजे.

रायफलचा तिरकेपणाही येथेच मोडतो. साइट गुरुत्वामुळे होणारे १२५ मिमी पडणे भरून काढायला लावलेली असते, म्हणून रायफल एक अंश कलली की गोळी कललेल्या बाजूला सुमारे २.२ मिमी जाते. कलणे स्वतः दोष नाही. अनेक उत्तम नेमबाज रायफल कललेलीच धरतात. कल दर वेळी तोच राहावा यासाठी बटप्लेट आणि गालपट्टी निसटत नाहीत हे पाहणे, हे मात्र यंत्राचे काम आहे.

नवा नेमबाज

शेवटची शंका साफसफाईची आहे. काही जण प्रत्येक सत्रानंतर बॅरल साफ करा म्हणतात, काही जण वर्षभर हात लावू नका म्हणतात. .२२ साठी काय योग्य?

लोहकाम

दोन्ही टोके टाळावीत. .२२ मध्ये चेंबरच्या लगेच पुढे काजळी आणि काचेच्या भुकटीचे कठीण कडे तयार होते. ते वाढले की गोळी रायफलिंगमध्ये शिरण्यापूर्वीच दाबली जाते, आणि लॉट तोच असूनही अधूनमधून एखादी गोळी ग्रुपबाहेर जाऊ लागते. उर्वरित बॅरलमध्ये मात्र वंगणाचा थर हवासाच असतो. म्हणून पूर्ण बॅरल घासून चकाकते करण्यापेक्षा त्या कड्याकडे लक्ष द्यावे: द्रावण लावून थोडा वेळ मुरू द्यावे, कांस्य ब्रशने चेंबरपुढचा भाग तेवढा घासावा, मग कोरड्या फडक्याचे तुकडे मार्गदर्शक नळीतून एकाच दिशेने ओढावेत. बोरस्कोप (बॅरलच्या आत पाहण्याचे उपकरण) उपलब्ध असेल तर कडे गेले की नाही हे दिसते. नसेल तर काडतूस बसवताना बोल्टला लागणारा जोर पूर्वीइतका झाला का, यावरून अंदाज येतो.

किती गोळ्यांनंतर, याचे उत्तर तुमच्या रायफलच्या नोंदवहीतच सापडेल. साफ केल्यानंतर ग्रुप स्थिर व्हायला किती गोळ्या लागतात आणि पुढे किती गोळ्यांनंतर तो बिघडू लागतो, हे दोन आकडे लिहीत जा. साफसफाई दुसऱ्या आकड्याच्या थोडी आधी करावी, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी केलीच, तर पहिल्या आकड्याएवढ्या गोळ्या त्याच लॉटच्या झाडूनच रायफल पेटीत ठेवावी.